दुसऱ्या नावाचे पेढे

माणसाला दोन नावं असली की त्यातलं एक खोटं असतं, असं माझ्या वडिलांचं ठाम मत होतं. आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो. सांगलीच्या हळद बाजारात त्यांचं अडतीचं दुकान होतं आणि दुकानाच्या वरच आमचं घर. शेतकऱ्यानं पोती आमच्या दारात आणून लावायची, खरेदीदारांनी येऊन बोली करायची आणि सौदा जमवून दिल्याबद्दल आम्ही आमची अडत घ्यायची, असा तो धंदा. आजोबांनी लावलेली पाटी दर दिवाळीला रंगवली जायची, पण तिचं एक अक्षर बदलायचं नाही. बाजारात कुणी बायकोच्या किंवा मेव्हण्याच्या नावानं दुसरं दुकान काढलं की आण्णा चहाचा कप खाली ठेवून म्हणायचे, "गेला हा." आणि बहुतेक वेळा तो जायचाच. बुडणारा माणूस आधी दुसरं नाव काढतो, चांगलं गिऱ्हाईक हळूच तिकडं सरकवतो आणि मग एका सकाळी पहिल्या दुकानाला कुलूप दिसतं. बाजारातल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत होतं.

आणि अशा माणसाकडं मी दुसरं नाव मागायला गेले.

शतक संपायला एक-दोन वर्षं उरली होती तेव्हाची ही गोष्ट. मी बी.कॉम. झाले होते, कॉम्प्युटरचा क्लास केला होता आणि घरी बसले होते. बसले होते हे आपलं म्हणायला. एका जागी बसणं माझ्या पत्रिकेतच नव्हतं. हिच्या पायाला भिंगरी आहे, असं आई म्हणायची, आणि त्यात कौतुक कमी आणि काळजी जास्त असायची. मी दुकानात जाऊ लागले. आण्णांना ते फारसं पसंत नव्हतं, पण नाही म्हणायला कारणही सापडेना, कारण मी आल्यापासून पत्रव्यवहार वेळेवर होऊ लागला होता. मग मी त्यांना कॉम्प्युटर घ्यायला लावला. त्याच्या मागोमाग इंटरनेट आलं आणि इंटरनेटच्या मागोमाग दुकानाच्या नावाचं डोमेन. म्हणजे ईमेलच्या पत्त्यात शेवटी जे नाव येतं ते कुणा फुकट वाटणाऱ्या कंपनीचं नाही, आमचं स्वतःचं. आण्णांना ते इतकं आवडलं की त्यांनी पेंटर बोलावून तो पत्ता पाटीवर फोन नंबराखाली रंगवून घेतला. बाजारातली माणसं थांबून विचारायची, हे मधे गोल गोल काय काढलंय? आण्णा त्यांना आत बोलावून सांगायचे. मला वाटलं, आता जग जिंकलं. त्या भरात मी फॅक्सचं मशीनसुद्धा विकायला लावलं.

थोडी हळद आम्ही स्वतः घेऊन बाहेर पाठवत असू. आखातातलं एक जुनं गिऱ्हाईक दर हंगामाला न चुकता माल घ्यायचं. आण्णांना तेवढं पुरेसं होतं, मला नव्हतं. निर्यातदारांसाठीची एक जाडजूड डिरेक्टरी पुण्याहून मागवली आणि तिच्यातले परदेशी मसालेवाल्यांचे जेवढे ईमेल सापडले तेवढ्यांना एकच पत्र पाठवलं. ओळख ना पाळख. आम्ही सांगलीचे, आमची हळद अशी अशी, तुम्हाला हवी का? सगळी पत्रं एका दुपारी गेली आणि मी खुर्चीतल्या खुर्चीत गोल फिरले. अजूनही मला यात काही गैर वाटत नाही. गावात दारोदार फिरून माल विकणारे असतातच की.

पण उत्तरं आली नाहीत, आणि काही दिवसांनी वेगळंच सुरू झालं. आखातातल्या गिऱ्हाइकाचं पत्र आलं, यंदाचा भाव काय? मी उत्तर पाठवलं, ते परत आलं. पुन्हा पाठवलं, पुन्हा परत. सोबत इंग्रजीत बरंच काही लिहिलेलं असायचं, त्यातलं निम्मं मला कळत नव्हतं. लाइन खराब असेल असं म्हणून मी रोज नव्यानं पाठवत राहिले. त्याची पत्रं आमच्याकडं पोचत होती, आमचं एकही त्याला पोचत नव्हतं. तिकडं त्याला वाटलं, ऐन हंगामात हे लोक गप्प का बसलेत?

आता आमच्या बाजाराची एक रीत सांगते. एखाद्या दुकानाबद्दल शंका आली तर ती त्या दुकानाला विचारायची नसते, शेजाऱ्याला विचारायची असते. दुकानदार स्वतःबद्दल चांगलंच सांगणार. त्या गिऱ्हाइकानं रीतीप्रमाणं आमच्या समोरच्या दुकानात फोन केला. समोरचे काका आण्णांच्याच वयाचे. दोघांचाही धंदा एकच, आणि मधल्या बोळात टेम्पो कुणाचा उभा राहणार यावरून त्यांची वर्षानुवर्षं धुसफूस चाललेली. काकांनी फोनवर सरळ सांगितलं, दुकान चालू आहे. पण त्यांनी काय सांगितलं याला किंमत नव्हती. परदेशातून चौकशी आली, हीच मोठी बातमी होती. काकांनी ती आपल्या दिवाणजीला सांगितली, दिवाणजीनं चहावाल्याला, आणि संध्याकाळपर्यंत आमच्या तब्येतीची विचारपूस सुरू झाली. "शेठ, सगळं ठीक हाय न्हवं?" असं चार जणांनी विचारल्यावर आण्णांचा चेहरा उतरला. त्यांनी सगळा राग काकांवर काढला. काकांशी ते त्या दिवसापासून बोलेनासे झाले.

मी सकाळच्या एसटीनं साताऱ्याला गेले. तिथं फौजेतून निवृत्त झालेले एक हवालदार कॉम्प्युटरची संस्था चालवायचे. सिग्नलमध्ये नोकरी केलेली, त्यामुळं तारा, यंत्रं, संदेश यात मुरलेला माणूस. परत आलेली पत्रं मी छापून नेली होती. त्यांनी चष्मा लावून ती वाचली आणि हसले. मला त्या हसण्याचा राग आला.

"ताई, तुमी एका दुपारी सगळ्या गावाची कडी वाजवलीया," ते म्हणाले. "लोकांनी तक्रार केली. आता हे नाव आलं की दार उघडायचं न्हाई, असा हुकूम सुटलाय. त्यात तुमचं जुनं गिऱ्हाईकबी आत कोंडलंय."

तक्रारी झालेल्या नावांची एक यादी असते, ती अनेक ठिकाणचे ईमेलवाले वापरतात आणि आमचं डोमेन तिच्यात गेलं होतं. माफी मागून ते काढून घेता येईल, वेळ लागेल, असं त्यांनी सांगितलं. आणि मग त्यांनी तो सल्ला दिला. जुन्या गिऱ्हाइकांशी बोलायला दुकानाचं नाव ठेवा. अनोळखी माणसाच्या दारात जायला दुसरं डोमेन घ्या. त्या नावाला कुणी हाकललं तरी घरच्या नावाला धक्का लागणार नाही. मात्र लपवाछपवी करायची नाही. पत्राच्या खाली खरं दुकान, पत्ता, फोन सगळं लिहायचं, रोज मोजकीच पत्रं पाठवायची आणि प्रत्येक पत्र त्या माणसाची माहिती काढून त्याच्यापुरतं लिहायचं.

परतीच्या वाटेवर कराड गेलं, पेठ नाका गेला, मला काही दिसलं नाही. दुसरं नाव हे शब्द आण्णांसमोर कसे काढायचे, याचीच मी उजळणी करत होते.

उजळणी फुकट गेली. मी पहिलं वाक्य पूर्ण करायच्या आत त्यांनी पान खाली ठेवलं. माझ्या बापाच्या पाटीखाली मी दुसरं नाव लावू? बाजारात आधीच कुजबुज आहे, त्यात तेल ओतू? मी समजावलं की हे नाव सांगलीत कुणाला दिसणारच नाही, ते फक्त परदेशातल्या लोकांना पाठवलेल्या पत्रांवर असेल. त्यावर ते आणखी भडकले. न दिसणारं दुसरं नाव म्हणजे तर चोरीच झाली. दोन दिवस घरात फक्त भांडी बोलत होती. मी गच्चीवर येरझाऱ्या घालायचे, खाली यायचे, फोनची लाइन लावायचे, परत आलेली पत्रं बघायचे आणि पुन्हा वर जायचे. आई म्हणाली, बाई गं, एक तर बस नाही तर झोप, माझं डोकं गरगरायला लागलंय.

शेवटी आखातातल्या गिऱ्हाइकाला फोन करून सगळं सांगितलं. तो समजुतीनं बोलला, पण त्या खेपेची हळद त्यानं दुसरीकडून घेतली होती. फोन ठेवल्यावर आण्णांनी हिशेबाची वही उघडली आणि मिटली. मग म्हणाले, "काढायचं तर उघड काढायचं. मुहूर्त करून, पाटी लावून, पेढे वाटून. चोरून नाव काढणाऱ्यातला मी नव्हे."

मी कपाळावर हात मारला. कुणाला कळू नये म्हणून नव्हे, कुणाला कळायची गरजच नव्हती म्हणून. पण त्यांनी मान्य केलं होतं, आणि आता वाद घातला असता तर तेही गेलं असतं. मी पुन्हा साताऱ्याला गेले. हळदीवरूनच एक साधं नाव ठरवलं, हवालदारांनी ते डोमेन नोंदवून दिलं आणि मी आण्णांच्या हुकमाप्रमाणं कंदी पेढ्यांचे खोके घेऊन आले. भटजींनी कॉम्प्युटरला हळदकुंकू लावलं, कीबोर्डवर अक्षता टाकल्या, त्या मी महिनाभर काढत होते. आजोबांच्या पाटीशेजारी नव्या नावाची छोटी पाटी लागली. आण्णा स्वतः हमालासोबत दुकानादुकानांत पेढे देऊन आले. फक्त एक दुकान त्यांनी सोडलं.

"समोर?" मी विचारलं.

"त्यांचं तोंड गोडच आहे," आण्णा म्हणाले, आणि उरलेला खोका कपाटात गेला.

बाजारानं पेढे खाल्ले आणि हिशेब केला. परदेशातून चौकशी आली होती, आता दुसरी पाटीही लागली. आजवर आण्णा दुसऱ्यांबद्दल जे म्हणायचे ते आता आमच्याबद्दल म्हटलं जाऊ लागलं. कोरेगावकडचे एक वयस्क शेतकरी आजोबांच्या काळापासून आमच्याच दारात हळद लावायचे. ते आले, दोन्ही पाट्यांकडं बघत उभे राहिले आणि त्यांनी तोंडावर विचारलं, "आवं शेठ, दुसरी पाटी कशापायी लावलीया? पयली उतरवायची हाय व्हय?"

आण्णांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि ईमेल म्हणजे काय इथपासून सगळं समजावलं. म्हातारा शांतपणे ऐकत होता. मधूनमधून बरं बरं म्हणत होता. मग उठला, नमस्कार केला आणि आपली पोती पलीकडच्या बोळात नेऊन लावली. त्यांच्या मागं कराडकडचे आणखी दोन टेम्पो आमच्या दारावरून पुढं गेले. सौद्याच्या सकाळी आमच्या ओट्यावर जेमतेम एक थप्पी उभी होती, आणि खरेदीदार तिच्याकडं न बघता पुढं सरकले. आण्णा ओट्यावर उभे राहून हात मागं बांधून ते बघत होते. मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली. दुकान उद्या बंद पडेल याची नव्हे, तर आण्णा ज्या नावावर जगत होते ते त्यांच्या डोळ्यांदेखत जाईल याची.

मी नव्या नावानं पत्रं लिहू लागले. रोज थोडी. एकेका माणसाबद्दल शोधायचं, तो काय दळतो, कुठं विकतो, मग त्याला लिहायचं. एवढं सावकाश काम मी जन्मात केलं नव्हतं. पत्र गेलं की मी पुन्हा लाइन लावायचे, मोडेमची किरकिर ऐकायचे, ईमेलची पेटी रिकामी बघायचे. पाच मिनिटांनी पुन्हा. फोनचं बिल आण्णांनी बघितलं आणि घडी करून गादीखाली सरकवलं. बाहेर उन्हात हमाल दुसऱ्यांच्या दारात पोती उतरवत होते आणि हळदीची धूळ मात्र आमच्याही ओट्यावर येऊन बसत होती.

मग एक उत्तर आलं. युरोपातल्या एका बंदराच्या गावचा मसाले दळणारा होता. पत्र चार ओळींचं. तुमचं पत्र आवडलं, पण हे नाव आम्ही कधी ऐकलेलं नाही. आमचा मुंबईचा एजंट गुरुवारी सकाळी तुमच्या बाजारात फोन करून चौकशी करेल, मग बोलू. मी ते आण्णांना मराठीत सांगितलं आणि आम्ही दोघांनी एकाच वेळी समोर बघितलं. आमच्या बोळात फोन असलेलं दुसरं दुकान एकच होतं.

मी म्हटलं, मी जाते, काकांना आधीच सांगते की असा असा फोन येणार आहे. आण्णांनी मला हातानं थांबवलं. "चौकशी चालू असताना त्या दारात जायचं नसतं. तो जे सांगेल ते आपलं."

"ते काही वाईट बोलले तर?"

"तर तेच आपलं."

गुरुवारी सकाळी मी ओट्यावर उभी होते. बसायचा प्रयत्न केला, जमलं नाही. समोरचा फोन वाजला तेव्हा काका पानाला चुना लावत होते. एरवी त्यांचं फोनवरचं बोलणं सगळ्या बोळाला ऐकू जायचं. मुंबई लांब आहे म्हणून ते ओरडूनच बोलायचे. त्या दिवशी ते दोन वाक्यं मोठ्यानं बोलले, मग त्यांनी मान वर करून आमच्या पाट्यांकडं बघितलं, आधी मोठ्या, मग छोट्या, आणि आवाज एकदम खाली आला. मी त्यांचे ओठ बघत होते. काहीही कळत नव्हतं. दोनदा मी पायरी उतरले आणि दोनदा आण्णांच्या खाकरण्यानं परत चढले. फोन ठेवल्यावर काकांनी पान तोंडात टाकलं आणि ते आत निघून गेले. ना इकडं बघितलं, ना काही निरोप. मला इतका राग आला की मी छोटी पाटी उपटून टाकणार होते.

ते दोन दिवस कसे गेले ते मला आठवत नाही असं म्हणायला हवं, पण मला लख्ख आठवतात. मी सायकल काढून कृष्णेच्या घाटावर गेले, पाण्यात पाय सोडले, लगेच काढले आणि परत आले. आण्णा मात्र नेमानं दुकान उघडत होते, दिवा लावत होते आणि रिकाम्या ओट्यावर पाणी मारून घेत होते.

शनिवारी पत्र आलं. पहिल्या ओळीत नमुना मागितला होता, आणि नमुना पसंत पडला तर एक छोटी खेप. मी ओरडणारच होते, पण पुढं आणखी एक परिच्छेद होता. तो वाचून मी आण्णांना बोलावलं. त्यांना मी शब्द न् शब्द मराठीत सांगितला. बाजारातल्या तुमच्या शेजाऱ्यानं आमच्या एजंटला असं सांगितलं, की जो बुडणार असतो तो दुसरं नाव लपवून काढतो. यांनी पाटी लावून आणि सगळ्या बाजाराला पेढे वाटून काढलं आहे. मुहूर्ताचे पेढे मी स्वतः खाल्ले आहेत.

आण्णांनी मला शेवटची ओळ पुन्हा वाचायला लावली. मी वाचली. ते कपाटाकडं बघत होते, जिथं तो एक खोका ठेवला होता. त्यातले पेढे आईनं कधीच संपवून टाकले होते.

"उद्या साताऱ्याला जा," ते म्हणाले.

"पेढे इथंही मिळतात, आण्णा."

"सगळ्यांना कंदी दिले होते. त्यांना तेच."

मी पहिल्या एसटीनं गेले आणि दुपारी परत आले. रविवारी बाजार बंद होता, म्हणून आण्णा सोमवारपर्यंत थांबले. मला वाटलं होतं, ते काकांच्या घरी जाऊन देतील. पण त्यांना ते बाजारात, सौद्याच्या वेळी, सगळ्यांसमोर द्यायचे होते. खरेदीदार बोळात शिरले होते, हमाल पोती लावत होते, कोरेगावचे ते म्हातारे शेतकरी बोळाच्या पलीकडच्या तोंडाशी बैलासारखे हट्टानं उभे होते. आण्णांनी धोतराचा सोगा सावरला, खोका दोन्ही हातांत धरला आणि बोळ ओलांडला. एवढा अरुंद बोळ ओलांडायला त्यांना किती वेळ लागला.

काकांनी खोका बघितला, उघडला आणि भुवया उंचावल्या. बोळ थांबला होता.

"उशीर झाला," आण्णा म्हणाले. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

काकांनी एक पेढा उचलला, अर्धा मोडून आण्णांच्या हातात दिला आणि उरलेला अर्धा सगळ्यांना दिसेल असा सावकाश तोंडात टाकला. चावून झाल्यावर त्यांनी धोतराला हात पुसले.

"चला," ते म्हणाले, "आता माझं बोलणं खरं झालं."